बॅट नेमकी कधी फिरवायची

रविवार, ५ जानेवारी
बेसबॉलचा सामना. चार वेळा बॅटिंगला गेलो, चारही वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन-तीन स्ट्राइक होऊन बाद. चेंडूतच काहीतरी गडबड आहे. माझी बॅट फिरून झाली की मग येतो, नाहीतर आधीच येऊन गेलेला असतो.
मॅनेजर एरिबेर्तो म्हणाले, फायनलमध्ये संघाला जिंकवून दाखव, नाहीतर पुढच्या मोसमात मैदानाबाहेर बर्फाच्या पेटीवर बस. प्रौढांच्या लीगमध्ये एवढा माज! बानी गावात यांची दाढी कोण करतो? त्या वेळी मान माझ्या हातात असते, हे विसरले.

सोमवार, ६ जानेवारी
दोष सापडला. माझी ताकद भरपूर आहे, फक्त सुरुवात चुकते. उद्यापासून पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, गुडघा उचलला गेला की पाय पुढे टाकायचा. सोपं आहे.

मंगळवार, ७ जानेवारी
अंगणात सराव. पाण्याच्या मोठ्या बाटल्यांची झाकणं नेरेइदानं फेकली, मी झाडूच्या दांड्यानं मारायची. एकही लागलं नाही. बायको गुडघाच उचलत नाही, मग मी काय करू?
ती म्हणते, "अरे, गुडघे कसले बघतोस? झाकण बघ ना!"
लग्नाला वीस वर्षं झाली, पण तंत्र म्हणून काही कळत नाही तिला.

शनिवार, ११ जानेवारी
गुडघा रद्द. आता श्वास. पिचरनं श्वास घेतला की मी सोडायचा.

रविवार, १२ जानेवारी
सेमीफायनल. इतक्या लांबून कुणाचा श्वास दिसतो? तीनदा आउट. माझ्याशिवाय बाकीच्यांनी जिंकून दिलं, म्हणजे दडपण त्यांनी घेतलं. ठरलंच होतं तसं.
फायनल फुलहेन्सिओच्या संघाशी. फुलहेन्सिओ म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. तोच पिचर. नाताळात माझ्याच घरी डुकराची तंगडी चापून गेलाय.

बुधवार, १५ जानेवारी
युरेका! फुलहेन्सिओ केस कापायला आला होता. बोलता बोलता चेंडू कसा टाकतो ते हातानं दाखवत होता, तेव्हा लक्षात आलं, चेंडू सोडण्याआधी तो हनुवटी वर करतो. हनुवटी वर, की माझी बॅट सुरू! दुकानातल्या सगळ्यांना समजावून सांगितलं. फुलहेन्सिओ खुर्चीतच होता, पण तोंडावर गरम टॉवेल होता. टॉवेलखालून काय ऐकू येणार?

रविवार, १९ जानेवारी, संध्याकाळ
सविस्तर लिहितो, कारण इतिहास आहे.
शेवटचा डाव. बरोबरी. तिन्ही बेसवर आमची माणसं, दोन आउट, आणि बॅटिंगला मी. दोन स्ट्राइक आधीच गेलेले (वारा होता). पलीकडून कोणीतरी ओरडलं, "न्हावी, वस्तरा आण, बॅट तुला झेपत नाही!" दुर्लक्ष केलं.
फुलहेन्सिओनं हात मागे नेला. हनुवटी वर केली. मी जिवाच्या आकांतानं बॅट फिरवली आणि भोवऱ्यासारखा गरगरून खाली बसलो.
चेंडू त्याच्या हातातच होता.
हसत होता बेटा! टॉवेलमधून सगळं ऐकलं होतं त्यानं. पण फेकायला सुरुवात करून थांबणं नियमात बसत नाही. अंपायरनं बेसवरच्या प्रत्येकाला एक बेस पुढे पाठवलं. तिसऱ्या बेसवरचा घरच्या बेसवर आला, म्हणजे एक धाव. जिंकलो!
चेंडू न येताही सामना जिंकणारा बॅटर या बेटावर दुसरा दाखवा. एरिबेर्तोंनी मिठी मारली. फुलहेन्सिओला माझ्या बहिणीनं सगळ्यांदेखत गाढव म्हटलं.

सोमवार, २० जानेवारी
दुकानात गर्दी. टायमिंग या विषयावर बोललो. दोघांचे कल्ले कमीजास्त झाले. एरिबेर्तो म्हणाले, दुकानात लावायला त्या क्षणाचा फोटो हवा. योकास्ता, माझी मुलगी, मोसमभर फोनवर फोटो काढत होती.

मंगळवार, २१ जानेवारी
सुट्टी. फोटो मोठा करून आणला. बॅट सुंदर फिरलीय. पाय झकास.
नेरेइदानं जवळ नेऊन पाहिला. "अन्सेल्मो, डोळे मिटलेत तुझे."
म्हटलं, ऊन डोळ्यांवर होतं. ती म्हणाली, ढग होते.
योकास्तानं फोनवरचे बाकीचे फोटो दाखवले. सेमीफायनल. त्याआधीचा सामना. त्याच्याही आधीचा. सगळीकडे मी, बॅट, आणि गच्च मिटलेले डोळे. अंगणातल्या झाकणांच्या वेळचासुद्धा एक.
 दोघी हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
उद्यापासून एक डोळा उघडा ठेवून बघतो.