आईच्या खोलीचा झरोका

बाबा, आईच्या खोलीत गार हवा कशी आणायची हे विचारायला मी या उन्हाळ्यात बऱ्याच जणांच्या दारात गेलो, आणि प्रत्येक वेळी परत येताना वाटायचं, ज्याला विचारायला हवं होतं तो माणूस मला काही विचारायची अक्कल येण्याआधीच निघून गेला. तुम्ही गेलात तेव्हा मला नुकती मिशी फुटत होती. घर कसं उभं राहतं, ते वैशाखात गार आणि पौषात उबदार कसं राहतं, असले प्रश्न त्या वयात कुणाला पडतात? घर होतंच, तुम्हीही होतातच.

आता मी घर बांधलं आहे. तुम्ही कडबा रचायचात त्या जागेवर, विटांचं, वर स्लॅब. तुमच्या घराची नाल्याकडची भिंत गेल्या पावसाळ्यात फुगली. मधल्या सऱ्याला, छताचा भार पेलणाऱ्या त्या लाकडाला, वाळवी लागली आहे. वरच्या धाब्यावर कितीही माती टाकली तरी ते घर आणखी एक पावसाळा काढेल असं मला वाटत नाही, आणि आई त्या सऱ्याच्या बरोबर खाली झोपायची. म्हणजे पाऊस लागायच्या आत तिला इकडे आणायचं होतं. आणि ती यायला तयार नव्हती.

एकदा भर दुपारी तिला हात धरून नव्या घरात आणलं, तिची खोली दाखवली. तिनं फरशीकडे पाहिलं नाही, रंगाकडे पाहिलं नाही. भिंतीवर तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला. "भित तापून राह्यली नं बापा. तुह्या बापाच्या घरात वैशाखातबी पहाटं गोधडी लागे." थोडं वाढवून बोलली, पण फार नाही. मी म्हणालो, "गार करतो नं मी खोली. थांब थोडी." तर दारातून बाहेर पडता पडता म्हणाली, "अन् आखाजीले काय करशीन? ते येतीन तं त्यायच्याच घरी येतीन. त्यायले हे घर कुठी माहीत?"

तेव्हा मला कळलं की उन्हाचं तर मी काही करू शकेन, पण खरी अडचण दुसरीच आहे. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुमच्या नावाची घागर आई त्या घरात मांडत आली आहे. नवी घागर, पाण्यात वाळ्याची जुडी, वर आंबा, शेजारी चिंचगुळाचं चिंचवणी. दुपारभर घागरीपाशी बसून राहते, जसं शेतातून यायला उशीर झालेल्या माणसासाठी बसावं. इतक्या वर्षांत मी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही. मीही तिथेच भिंतीला टेकून बसतो.

माझा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, एसी लावा. त्याला काय सांगावं? आपल्याकडे दुपारी विजेला दाबच नसतो, दिवा लावला तर तो विझत्या निखाऱ्यासारखा दिसतो, तिथे एसी कसला चालतो. मग मी ठरवलं, उत्तरेकडच्या सावलीत मोठा कूलर ठेवायचा आणि पत्र्याच्या नळीतून त्याची हवा भिंतीतून आईच्या खोलीत सोडायची. खोलीत आवाज नको, पाण्याचे शिंतोडे नकोत. घर मीच बांधलं होतं, हेही आपल्याच हातानं बसवावं असं वाटलं. गवंड्याला विचारलं, तो म्हणाला हे माझं काम नाही. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला हे माझंही नाही. शेवटी एसटीनं रिसोडला गेलो. तिथल्या कूलर बनवणाऱ्यानं माझं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसला. "काका, हे लग्नाच्या हॉलचं काम सांगून राह्यले तुमी. कोन झोपनार हाय खोलीत, नवरदेव?" मी म्हणालो, "माही माय." तो हसायचा थांबला. म्हणाला, "नळी वाकवून देतो. बसवा मातर तुमचं तुमी. काही अडलं तं फोन करा."

बसवली. दोन दिवस शिडीवर होतो. शेजारचा चुलतभाऊ येऊन कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "काहून गा, घराले सोंड फुटली काय?" आई जुन्या घराच्या ओट्यावरून म्हणाली, "फुटू दे. गनपती तरी हाय म्हनावं." मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या, दाराखालची फटसुद्धा बुजवली. आई उशी काखेत घेऊन आली. नळीसमोर उभी राहिली, पदर हलला, तिनं डोळे मिटले. बाबा, त्या क्षणी मला वाटलं, जमलं.

तासाभरानं दार उघडून पाहतो तर ती खाटेवर बसलेली. अंग चिकट, केस कपाळाला चिकटलेले, गुडघे चोळत होती. भिंतीला हात लावला तर ओला आला. तिच्यासाठी कोनाड्यात ठेवलेले पापड मऊ पडले होते. ती काही रागावली नाही. उशी उचलली. "तुही मेहनत दिसते रे मले," एवढंच म्हणाली आणि उन्हातून, अनवाणी, तुमच्या घराकडे गेली.

तिच्या मागे मीही गेलो. तिथे ती जमिनीवर आडवी झाली आणि लगेच झोपली. मी सऱ्याकडे पाहत बसलो. वाळवीनं केलेली मातीची रेघ आता खाली खुंटीपर्यंत आली आहे. धाब्यातल्या झरोक्यातून उजेडाचा चौकोन खाली पडला होता. हाच चौकोन सकाळी उखळापाशी आला की तुम्ही ओरडायचात, "उजेड उखळाले लागला, पळ शाळेत." आपल्या घरात दुसरं घड्याळ नव्हतं. आणि मग मला तो हिवाळा आठवला.

मी तिसरीत असेन, चौथीत असेन. रात्री झरोक्यातून थंडी अंगावर पडते म्हणून मी धाब्यावर चढून त्यात पोतं कोंबलं. संध्याकाळी आईनं चूल पेटवली. थोड्या वेळात घरभर धूर, आई खोकते आहे, तान्ही बहीण रडते आहे. तुम्ही शेतातून येता, दारातच थबकता. मला वाटतं आता मार बसणार. तुम्ही मला दंडाला धरून शिडीवरून वर नेता, पोतं ओढून काढता, माझा तळवा झरोक्यावर धरता आणि त्यावर तुमचा हात ठेवता. खालून ऊन वाफ येते आहे, बोटांच्या फटींतून वर जाते आहे. "पाह्य. घर श्वास सोडून राह्यलं. तू त्याचं नाक दाबलं होतं." मग खाली उतरताना, आवाज जरा खाली आणून, "थंडी वाजते तं चुलीमांगच्या भितीले सरकून झोप. कायले बांधली मंग ती?" त्या रात्री मी त्या भिंतीला पाठ लावून झोपलो. चूल पलीकडे विझली होती तरी भिंत पहाटेपर्यंत ऊन होती. तुम्ही आम्हा मुलांना जवळ घेणारे नव्हतात. तुमचा हात माझ्या हातावर इतका वेळ राहिला तो तेवढाच. त्याच्या घट्ट्यांचा खरखरीतपणा मला अजून माझ्या हाताच्या पाठीवर जाणवतो, आणि आता माझेच हात तसे झाले आहेत.

रिसोडला फोन केला. कूलरवाला म्हणाला, "हवा कोंडली काका. आत जाते तेवढी बाहेर जायले पायजे." मी दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. आईच्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीत, अगदी वर, स्लॅबखाली, चौकोनी झरोका पाडायला सांगितला. त्याचा जीव कळवळला. "नव्या भितीले भोक पाडता? चिमन्या घर करतीन." मी म्हणालो, "करू दे." बाहेर वर छोटा छज्जा काढला, पाऊस आत येऊ नये म्हणून. त्याच्याच हातून आणखी एक काम करून घेतलं. आंघोळीच्या पाण्याची चूल लांब परसात होती, ती आईच्या खाटेमागच्या भिंतीला बाहेरून चिकटून बांधली. ती ऊब आतपर्यंत येते का, हे थंडीत कळेल. वीटच ती, तुमच्या मातीसारखी थोडीच राहणार.

कूलर पुन्हा लावला. भिंती कोरड्या राहिल्या. तरी आईला लगेच बोलावलं नाही. आखाजीच्या सकाळी तीच आली, बहुतेक नाही म्हणायलाच आली होती. दारात उभी राहिली. झरोक्यातून चौकोनी उजेड पडला होता, समोरच्या भिंतीवरून सरकत खाटेच्या पायथ्यापाशी उतरत होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग वर पाहिलं. "हे त्यायचं हाय," म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मी मान हलवली. ती परत गेली, आणि थोड्या वेळानं आली ती कमरेवर नवी घागर घेऊन. उजेडाच्या बाजूला जमीन पुसली, घागर मांडली, वाळा सोडला. दुपारी तुमच्यासाठी पान वाढलं. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. कूलरच्या हवेला वाळ्याचा वास लागला होता. ती बसल्या बसल्या लवंडली आणि तिथेच झोपली. तेव्हापासून ती इथेच झोपते. जुन्या घराला मी कडी लावली आहे, कुलूप नाही.

हे कागद मी घडी करून पोथीत ठेवून देईन, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक गोष्ट आईला सांगितली नाही, गवंड्यालाही नाही. रिसोडचा कूलरवाला फोनवर आणखी एक वाक्य बोलला होता. "खिडकी वीतभर उघडी ठेवली तरी भागते काका." मी त्याच दुपारी, गवंड्याला बोलावण्याआधी, ठेवून पाहिली होती. भागत होतं.