बाळंतिणीचा कोंडा

१ जानेवारी १९५५, शनिवार. सकाळ.
इंग्रजी वर्ष सुरू. संकल्प एकच. मंदाचे खाणेपिणे आजपासून माझ्या ताब्यात.

मुलगी पहिल्या खेपेला माहेरी बाळंत झाली, बारसे झाले, तरी बाळ मुठीएवढेच. विहीणबाई बारशाला ठाण्याहून आल्या तेव्हा म्हणाल्या, संक्रांतीला येऊन बघते, बाळाने अंग धरले नसेल तर दोघांना घेऊन जाते, आमचे डॉक्टर डब्यातले दूध सुरू करतील. डब्यातले दूध, माझ्या नातवाला. तेव्हापासून छातीत धडधडते. डावीकडे, म्हणजे हृदयच असणार. मंदा पाडव्यापर्यंत इथे डोंबिवलीला राहणार असे ठरले होते. घरात पाळणा आहे म्हणून माझी बायको गोदासुद्धा माझ्याशी बरे बोलते.

काल कल्याणला निसर्गोपचारावर व्याख्यान ऐकले. मध्ये जरा डोळा लागला, पण सुरुवात आणि शेवट पक्का ऐकला. सार असे: पांढरे ते विष. पॉलिशचा तांदूळ, साखर, मैदा, वनस्पती तूप. सगळे सत्त्व कोंड्यात असते. गिरणीवाले ते काढून घेतात आणि चोथा आपल्या गळ्यात मारतात.

जन्मभर रेल्वेत पार्सले तपासली. माणसाच्या पोटात काय जाते ते तपासणे काही अवघड नाही.

२ जानेवारी, रविवार.
स्वयंपाकघराची झडती घेतली. वनस्पतीचा डबा बाहेर ओट्यावर. साखर बंद. तांदूळ गोदाने हलवू दिला नाही. म्हणाली, रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन दाढा झिजल्या, आता कुठे पांढरा भात दिसतोय. पांढरे ते विष, असे तिला समजावले. ती म्हणाली, मग दूध कोणत्या रंगाचं असतं? म्हटले, तू व्याख्यानाला नव्हतीस.

जावई प्रभाकरराव ठाण्याहून मंदासाठी बिस्किटांचा डबा घेऊन आले होते. मैदा. जप्त करून माझ्या ट्रंकेत ठेवला. मंदा नुसती डब्याकडे बघत राहिली. गरीब स्वभाव. आईवर गेलेली नाही.

३ जानेवारी, सोमवार.
शहाडला भाताच्या गिरणीवर जाऊन आलो. वाऱ्याने कान दुखतो आहे, पण काम फत्ते. तिथला धाकू म्हणून माणूस मोठा जाणकार निघाला. कोंडा हवा म्हणताच म्हणाला, कोनासाठी? म्हटले, नुकतीच मोकळी झाली आहे, पहिलीच खेप. लगेच म्हणाला, पयलारू हाये, मंग जपाया पायजे. दूद किती देते? प्रश्न जरा उघडाच वाटला, पण खेड्यातली माणसे रोखठोक. म्हटले, पुरेसे येत नाही, तोच तर घोर आहे. म्हणाला, बांधलीय कुठं? त्यांच्या बोलीत बाळंतिणीला ठेवणे याला बांधणे म्हणत असावेत. म्हटले, मागच्या खोलीत, वारा लागत नाही. म्हणाला, ब्येस केलंत. लाथा मारते काय? म्हटले, छे, फार सोशिक.

कोंड्यात गूळ कालवून कोमट पाण्यात भिजवायचा, सकाळ-संध्याकाळ, वर चिमूट मीठ, असे सांगितले. सरकीची पेंडही सुचवली. व्याख्यानात पेंड नव्हती (निदान मी जागा असताना तरी), म्हणून ती तूर्त घेतली नाही. सणाला बहिणीकडे तुमच्याच बाजूला येतो, तेव्हा बघून जाईन, म्हणाला. एवढी आस्था डॉक्टर दाखवतात का?

५ जानेवारी, बुधवार.
पोते आले. गोदाने मूठभर हातात घेऊन वास घेतला, माझ्याकडे बघितले आणि पोते उचलून मागच्या पडवीत ठेवले. मी कोंड्याची भाकरी करायला लावली. मंदाने एक तुकडा तोंडात घालून डोळे मिटले. बराच वेळ चावत होती. मग म्हणाली, आप्पा, तुम्ही पण घ्या ना थोडी. म्हटले, माझे पोट नाजूक आहे आणि हे पथ्य बाळंतिणीचे आहे.

डिंकाच्या लाडवांबद्दल संशय आला. गोदाने डिंक वनस्पतीत तर तळला नसेल? तपासणीसाठी एक खाल्ला. एकाने नक्की होईना.

८ जानेवारी, शनिवार.
यश. पोते भराभर उतरते आहे. मंदा माझ्यासमोर फारसे खात नाही, लाजते. पण गोदा म्हणाली, तुमचा कोंडा वेळच्या वेळी जातोय, काळजी करू नका. पहिल्यांदाच तिने माझे एखादे काम मनावर घेतले.

मंदा दुपारी शेजारच्या हरिहररावांच्या घरी जाऊन बसते, त्यांच्या मागच्या दाराला ऊन चांगले येते म्हणून. गोदा बाळाला घेऊन जाते आणि पदराखाली झाकलेले ताट नेते. कशाला, विचारले तर म्हणाली, हळदीकुंकवाचे. तिकडून साजूक तुपाचा वास येत होता. परक्याच्या घरचे तूप, आपण काय बोलणार.

हरिहरराव कुंपणाशी भेटले. त्यांची म्हैस या आठवड्यात भरघोस दूध देते आहे म्हणे. म्हटले, हवा चांगली आहे.

१० जानेवारी, सोमवार.
बाळाच्या गालांना गोलाई आली. मांडीला वळी पडू लागली. हे मी घडवले. दोन वेळा आरशात बघितले, माझाही चेहरा टवटवीत दिसतो. अर्थात मी कोंडा खात नाही, पण त्याच्या सहवासाचा परिणाम.

बिस्किटे ट्रंकेत सादळत आहेत. मैदा असला तरी अन्न वाया घालवणे पाप. चहाबरोबर थोडी संपवली. विष थोडे थोडे घेतले तर बाधत नाही.

१२ जानेवारी, बुधवार.
प्रभाकरराव येऊन गेले. त्यांना कोंड्याचे महत्त्व सविस्तर सांगितले. जाताना ते दाराशी मंदाला काहीतरी हळूच म्हणाले आणि ती तोंडावर पदर धरून हसली. अंगात सत्त्व आल्याचे लक्षण.

बिस्किटांचा डबा संपला. रिकामा परत ठेवला.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.
सगळे नीट लिहिले पाहिजे, कारण चूक माझी नाही.

सकाळी विहीणबाई आणि प्रभाकरराव आले. बाईंनी बाळ मांडीवर घेतले, दंड चाचपले, गाल चिमटले आणि म्हणाल्या, अगंबाई, केवढा भरला. राहू दे पाडव्यापर्यंत खुशाल. मंदाचा चेहरा उजळला. गोदाने मला डोळ्याने खुणावले, म्हणजे शाबासकी दिली असे मी समजलो. आता वाटते, गप्प बसा असे म्हणत असावी.

मी पडवीतून पोते ओढत आणले आणि बाईंना सांगितले, हे या कोंड्याचे श्रेय. बाई म्हणाल्या, हा कोंडा कोण खातं? म्हटले, आमची मंदा. तेवढ्यात अंगणात धाकू उभा. खांद्यावर पेंडीची पिशवी. रामराम केला आणि सगळ्यांसमोर विचारले, पाव्हनं, म्हस कुठं हाये? दूद वाढलं काय?

दुखऱ्या कानाने मला दुधाचे तेवढेच ऐकू आले. मी म्हटले, ही काय, समोर बसली आहे.

धाकूने मंदाकडे बघितले, पोत्याकडे बघितले आणि पेंड तिथेच टाकून गेला. प्रभाकरराव खिडकीतून बाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमची सून आहे हो ती, दुभतं जनावर नव्हे. मंदा, सामान बांध.

गोदा गयावया करत म्हणाली, मी तिला रोज हरिहररावांकडे वरणभात, तूप, आळिवाची खीर चारते, कोंडा त्यांच्या म्हशीला घालते. बाई म्हणाल्या, आईला शेजारी जाऊन लेकीला चोरून जेवू घालावं लागतं, त्या घरात मी तिला ठेवणार नाही. मी पोते ओढत पुन्हा पडवीत नेले.

संध्याकाळी निघाले. मंदा वाकून नमस्कार करताना म्हणाली, आप्पा, तो बिस्किटांचा डबा द्याल? ठाण्याला जाईपर्यंत भूक लागेल. मी ट्रंक उघडून डबा दिला. तिने हलवून बघितला. मग बाळाची टोपडी त्यात ठेवली.

१५ जानेवारी, शनिवार.
पाळणा माळ्यावर गेला. हरिहररावांची म्हैस सकाळपासून आमच्या दिशेला तोंड करून ओरडते आहे.

गोदा कालपासून बोलत नाही. जेवायला बसलो तर पानात कोंड्याची भाकरी. दुसरे काही नाही. मुकाट्याने खाल्ली. घशाखाली उतरेना, टाळूला चिकटते. दोन घास झाल्यावर न राहवून म्हटले, मंदा बिचारी ही कशी खात होती कोण जाणे.

गोदा तेव्हा बोलली. म्हणाली, एकच घास खाल्ला होता तिने. तुमचं मन मोडू नये म्हणून.

आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवून आत गेली.