नुजहतने मोजलेल्या विटा

पांढरकवडा,
२ फेब्रुवारी

प्रिय मित्र भीमराज यास बशीरचा सलाम आणि जय भीम.

तुझी, इंदूवहिनींची आणि तुझ्या उजव्या गुडघ्याची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. (डावा गुडघा तू उजव्याला सोबत म्हणून दुखवतोस, असं वहिनीच मागे म्हणाल्या होत्या.) तुमच्या संघर्षला नोकरी लागल्याचं कळलं, मिठाईचं मात्र काही कळलं नाही. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत आणि नेमकं तेच मला खुपतंय. घरात सगळे खुशाल आणि मी एकटाच बेचैन, म्हणजे माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय. फोन सोडून पत्र काहून, असं तू विचारशील. माझ्या फोनचं कुलूप नुजहतला माझ्यापेक्षा चांगलं उघडता येतं आणि मी बोलायला लागलो की ती आतल्या खोलीतून 'अब्बा, जरा हळू' म्हणते. म्हणजे ऐकते. पाकिटाला निदान गोंद असतो आणि तो मी स्वतः लावणार आहे.

तर आता मुद्द्याचं. आमची नुजहत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने विषय घेतलाय प्राचीन संस्कृतींचा. मी हो म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं की राजे असतील, लढाया असतील, तलवारी असतील, परीक्षा झाली की संपलं. पण हिच्या अभ्यासात लढाई औषधाला नाही. सगळी माती. मातीची भांडी, मातीच्या पाट्या, मातीच्या विटा. (तीस वर्षं मी मातीतच उभा आहे, मला कोणी बी.ए. दिलं नाही.) तरी मी गप्प होतो. मग दिवाळीनंतर आपली भट्टी सुरू झाली आणि एका सकाळी पाहतो तर पोरगी वाळत घातलेल्या विटांमध्ये उकिडवी बसलेली. टेप लावते, वहीत लिहिते, शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढते. मला पाहिलं आणि वही मिटली. भीमराज, बापाला पाहून पोरीने वही मिटली, तर वहीत एक तर कोणाची चिठ्ठी असते, नाहीतर बापाचीच कुंडली. चिठ्ठी असती तर परवडलं असतं. कारण विटेचं माप हा आपल्या दोघांचाही नाजूक विषय आहे. (दोन वेळा तुझ्या हातच्या साच्यांना आतून पातळ पट्ट्या ठोकल्या गेल्या आणि दोन्ही वेळा वीट बोट-बोट लहान झाली, एवढंच लिहितो. पट्ट्या कोणी ठोकल्या ते लिहीत नाही, पत्र कोणाच्याही हाती पडू शकतं.)

तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवली. ही मापं कोणाला पोचवते? पहिला संशय उत्तमसिंगवर. रस्त्यापलीकडची भट्टी त्याची. त्याची वीट माझ्या विटेपेक्षा मोठी आहे आणि ही गोष्ट तो गिऱ्हाइकाने न विचारता सांगतो. त्याची नात नुजहतच्याच वर्गात. दोघी एका स्कूटीवर कॉलेजला जातात. पुढे काय लिहू? एक दिवस ती कॉलेजला गेल्यावर मी वही उघडली. पहिल्या दोन पानांवर आकडे, ते पटापट उलटले, कारण ते मला पाठ आहेत. तिसऱ्या पानावर मात्र चित्रं. एक मासा, एक कंगवा, कान असलेलं गाडगं, खांद्यावर कावड घेतलेला माणूस, पुन्हा मासा. ही सांकेतिक भाषा होती यात मला तिळमात्र शंका उरली नाही. कावडवाला म्हणजे माझा पाणक्या, गाडगं म्हणजे माझी माती आणि मासा म्हणजे गळाला लागलेला मी. पान उतरवून घेतलं आणि मेडिकलवाल्या रवीकडे गेलो, कारण जो डॉक्टरांचं अक्षर वाचतो तो काहीही वाचू शकतो. त्याने चष्मा वर-खाली केला आणि म्हणाला, "चाचा, हे औषध आपल्याकडं नाई. यवतमाळले पाहा."

शेवटी जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, ही सिंधू संस्कृतीची लिपी आहे आणि जगात आजवर ती कोणालाच वाचता आलेली नाही. आता मला सांग, जे कोणालाच वाचता येत नाही त्याचा अभ्यास करायचा, त्यावर परीक्षा द्यायची आणि ती तपासणाऱ्याने मार्क द्यायचे, यात काहीतरी काळंबेरं आहे की नाही? हे मी बोलून दाखवलं तर तुझी भाभी अमिना म्हणाली, "अजी, लडकी पढ रही है. तुम चोर के माफिक काहे को फिर रहे?" चोर हाच शब्द तिला का सुचला, याचा विचार मी दोन दिवस करत होतो.

मग रोज एकेक नवीन. मी दाढी करतो त्या आरशाशेजारी तिने एक कागद चिकटवला. बाबिलोनच्या कोण्या राजाचा कायदा आहे म्हणे, दगडावर कोरलेला. बांधणाऱ्याने घर कच्चं बांधलं, ते पडलं आणि मालक मेला, तर बांधणाऱ्याला ठार करावं. वस्तरा गळ्याशी असताना हे वाचायचं! वीटवाल्याला काय शिक्षा, असं मी अगदी अंग चोरून विचारलं. ती म्हणाली, वीटवाल्याचा उल्लेख नाही. मला जरा बरं वाटलं. मग म्हणाली, त्या काळचे वीटवाले चुकत नसतील. दुसऱ्या दिवशी एका मातीच्या पाटीची गोष्ट. इराककडे चार हजार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने तांब्याच्या व्यापाऱ्याला तक्रार लिहिली, की चांगला माल कबूल केलास आणि भलताच दिलास. तांबं गेलं, शहर गेलं, व्यापाऱ्याचं नाव आणि तक्रार तेवढी राहिली. हे सांगताना ती माझ्याकडे नाही, वरणाकडे पाहत होती. वरणाकडे इतका वेळ कोणी पाहत नाही.

आणि मग विटा. मोहेंजोदडोची वीट म्हणे अशी, की जाडी एक तर रुंदी दोन आणि लांबी चार. तिथून शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या गावात गेलात तरी तेच प्रमाण, आणि पाच-सातशे वर्षं तेच. (आपल्या तालुक्यात जितक्या भट्ट्या त्याहून जास्त मापं आहेत.) मी म्हटलं, तिथे तपासणीला साहेब येत असेल. तर तिथे कोणी साहेबही सापडला नाही आणि राजाही सापडला नाही, लोक आपणहूनच माप पाळत होते. यावर माझा विश्वास नाही. मी म्हटलं, बेटा, वीट भट्टीत आकसते, आगीपुढे माणूस काय करणार? ती म्हणाली, "अब्बा, उनकी भी आगमेंच पकती थी."

आता गेल्या शनिवारचं. कॉलेजात प्रदर्शन होतं. आमच्या मोरीच्या ओट्याची एक वीट ती आधीच काढून घेऊन गेली होती आणि भट्टीवरून आणखी दोन गायब होत्या. मी समजलो. कानटोपी, मफलर, वर अमिनाची शाल असा बंदोबस्त करून गेलो आणि हॉलमध्ये खांबाआड उभा राहिलो. नुजहतच्या टेबलावर पुठ्ठ्याचं मोहेंजोदडो आणि त्यापुढे ओळीने माझ्या तीन विटा. पहिली ओट्याची, मी धंदा सुरू केला त्या वर्षीची, दुसरी पहिल्या पट्टीनंतरची, तिसरी यंदाची. वर तिच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'माप कसं हरवतं'. मी मफलर नाकापर्यंत ओढला. प्रत्येक विटेवर आपला ठसा आहे, 'बशीर', तूच साच्याच्या तळाला उलटा कोरलेला. तेवढ्यात समोरून कोण यावं? उत्तमसिंग. तो वाकला, तिन्ही विटा पाहिल्या आणि मिशीत हसत म्हणाला, "कोनाच्या होय वं पोरी ह्या इटा?"

मी डोळे मिटून घेतले. आणि ऐकलं ते हे, "शेतात सापडल्या काका. कोनाच्या ते नाई माहीत." डोळे उघडले तर तो वीट उचलायला हात घालत होता आणि तिने आपला पंजा विटेवर दाबून धरला होता. "हात नका लावू काका, प्रदर्शनातली वस्तू होय." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिन्ही विटा पालथ्या ठेवलेल्या होत्या. नाव खाली.

भीमराज, ही पोरगी लहानपणी बरणीतला गूळ खाल्ला तरी स्वतः येऊन सांगायची. तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं. उत्तमसिंगने वीट उलटवली असती आणि चारचौघांत माझी अब्रू काढली असती, तर मी त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो. आता कोणाशी भांडू? घरी आल्यावर तिने मला चहा दिला आणि शालीची घडी करून ठेवली. मला फार लाज वाटली, आणि अजून वाटते.

तरी माझी विनंती अशी, की तू थोर माणूस आहेस, तुझं ती ऐकते. एकदा येऊन तिला समजाव, की एम.ए.ला दुसरा विषय घे. भूगोल वगैरे.

वहिनींना सलाम.

तुझा,
बशीर

ता. क. : भूगोलाचं राहू दे. येताना मापं घ्यायची फूटपट्टी आण. मला सहा नवे साचे हवेत, सागाचे. भाजलेली वीट नऊ, साडेचार, तीन भरली पाहिजे, ओट्याच्या विटेसारखी. माती आकसते तेवढी सूट आधीच धर. पट्ट्या आणू नकोस. नुजहतला सांगू नकोस, तिला मोजू दे.

आणखी ता. क. : तुझ्या मागच्या खोलीच्या विटा दुसऱ्या पट्टीनंतरच्या होत्या आणि जरा कच्च्याही भाजल्या होत्या. खाट त्या भिंतीपासून सरकवून घे. बाबिलोनचा कायदा इथे लावायचा म्हटला तर घर पडून मेलेला मालकही तूच आणि पट्ट्या ठोकणाराही तूच, त्यामुळे ती भिंत मी पदरच्या विटांनी नवी बांधून देतो.

शेवटचं : साच्याच्या तळाला नाव कोरशील तसं वरून दाबायला एक झाकण कर आणि त्यावरही कोर. धंद्यात असं कोणी करत नाही, वीट करणारे हसतील, मला माहीत आहे. पण वीट सुलटी ठेवा की पालथी, नाव वरच दिसलं पाहिजे.