तिसरी अँब्युलन्स

३ मार्च
स्टेशनवर रुजू होऊन तीन आठवडे झाले. निरीक्षण पुरे, आता सुधारणा. महिन्याला एकच. घाई करायची नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. विषय लोकप्रशासन. आईने जन्मभर बंदरावर कालवं सोलली. तिने सगळ्या कोळणींना सांगितलंय की पोरगी फायर ब्रिगेडमध्ये साहेब आहे. ते खोटं नाही, जरा लवकर आहे एवढंच.

तूर्त मी बंबावर आहे. बंबावर आम्ही तिघं. आ-तियन गाडी चालवतो आणि पोचल्यावर पंपाशी थांबतो. पाइप घेऊन आत जायचं ते यिन-हाय दादांनी आणि मी. धुरात एकट्याने शिरायचं नाही, असा नियम आहे. बाकीची माणसं दोन अँब्युलन्सवर.

६ मार्च
ड्यूटीवर अननस खाल्ला की त्या दिवशी कॉलवर कॉल येतात, असं इथे सगळे मानतात. मी मुद्दाम सर्वांसमोर अर्धा अननस खाल्ला. अंधश्रद्धा कृतीनेच जाते.

दुपारपर्यंत मधमाश्यांची दोन पोळी, एक साप, एक लिफ्टमध्ये अडकलेली नवरी आणि एक पेटलेली स्कूटर. आ-तियन म्हणाला, ताई, उरलेला अर्धा शेजारच्या स्टेशनला पाठवू या का, त्यांनाही जरा ज्ञान मिळू दे. मी योगायोग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. विचार करत असावेत.

११ मार्च
गल्लीतल्या जुन्या इमारतीत आग. गच्चीवर पत्र्याची बेकायदा खोली, खिडक्यांना लोखंडी गज. धूर इतका की स्वतःचा हात दिसेना. दादा पुढे, मी त्यांच्या बुटाला धरून मागे. म्हातारी देव्हाऱ्याच्या टेबलाखाली सापडली. वाचली.

नंतर दादा बंबाच्या पायरीवर बसून राहिले. म्हणाले, दोनदा तिच्या शेजारून गेलो गं पोरी. हात लांबवला असता तर लागली असती.

धुरात माणूस दाखवणारा कॅमेरा आमच्याकडे आहे. तो बिघडून बंद पडलाय. मुख्यालय म्हणतं, नव्याला तरतूद नाही. मार्चची सुधारणा ठरली: कॅमेरा.

१४ मार्च
स्टेशनप्रमुख फान साहेबांनी मला केबिनमध्ये बसायला सांगितलं. समुद्राच्या मात्सू देवीच्या जयंतीला बंदरावरचं देऊळ दरवर्षी आपल्याला काहीतरी दान देतं, म्हणाले. तू शिकलेली आहेस, अर्ज तू लिही. साहेबांनी माझ्यातलं नेमकं काय ते ओळखलं.

आ-तियन म्हणाला, नवीन माणूस आलं की साहेब ओळखतातच, मलाही ओळखलं होतं. त्याच्या बोलण्यात थोडा मत्सर जाणवला.

२० मार्च
अर्ज पूर्ण. अकरा पानं, तीन आलेख. दादांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, त्या म्हातारीचा फोटो नाही का लावत? मी म्हटलं, दादा, अर्ज भावनेवर चालत नाही, आकड्यांवर चालतो. ते बरं म्हणाले आणि पाइप वाळत घालायला गेले.

२५ मार्च
देवळाच्या समितीपुढे बोलले. अध्यक्ष च्यू, मासळीच्या बर्फाचे कारखानदार. स्वतः चहा ओतत होते. कॅमेरा केवढा असतो, विचारलं. मी हाताने दाखवलं. याहून मोठा नाही येत? नाही, म्हटलं. मग नाव कुठे घालायचं? मी म्हटलं, पिशवीवर. त्यावर एक म्हातारे सभासद म्हणाले, आणि ती पिशवी घेऊन ही धुरात जाणार, तिथे नाव वाचणार कोण, भूत? सगळे हसले. मीही हसले. चांगलं मोकळं वातावरण होतं.

निघताना अध्यक्ष म्हणाले, पोरी, तू मनापासून बोललीस. झालंच समजायचं.

२ एप्रिल
देवळाचा ठराव आला. फायर ब्रिगेडच्या कळकळीच्या विनंतीला मान देऊन एक अद्ययावत अँब्युलन्स. कळकळीची विनंती म्हणजे माझाच अर्ज. तत्त्वतः यश माझंच आहे.

अँब्युलन्स आपल्याकडे दोन आहेत आणि तिसरी चालवायला माणूस नाही, हे मी साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, देवीला नाही म्हणतेस? आ-तियन म्हणाला, ताई, वाईट वाटून घेऊ नकोस, हिच्यात कॅमेरा आहे, रिव्हर्स घेताना लागतो तो.

१९ एप्रिल
हस्तांतरण सोहळा. अध्यक्षांचं नाव दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर, लाल रंगात, आमच्या फोन नंबरापेक्षा मोठं. माझ्या खांद्यावरून मानाचा पट्टा, हातात माइक. आई पहिल्या रांगेत. फोटो छान आले.

गॅरेजमध्ये जागा तीन गाड्यांची. बंब आता बाहेर, ताडपत्रीखाली. साहेबांचं म्हणणं, बंबावर कोणाचंच नाव नाही, तो बाहेर राहिला तर कोण रागावणार? यात एक प्रकारचं तर्कशास्त्र आहे.

२४ एप्रिल
मुख्यालयाने माझी दखल घेतली. देणगी विभागात महिनाभर बसायचं. आनंद झाला तो पदाचा नाही. आतून प्रयत्न केला तर कॅमेरा लवकर मिळेल.

दादांनी एवढंच विचारलं, आणि माझ्याबरोबर आत कोण येणार? मी सांगितलं, बदली माणूस येतोय, साहेब म्हणाले आहेत. दादा म्हणाले, असं, साहेब म्हणाले होय? मी त्यांना दूरचा विचार समजावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. अनुभवी माणसांना बदल पचायला जड जातो.

१० मे
टेबल खिडकीशी आहे. देणगीदारांना जाणाऱ्या प्रत्येक पत्रात कॅमेरा घालते. आधी पहिल्या क्रमांकावर होता, आता चौथ्या. वरिष्ठ बाई म्हणतात, दात्याला जे आवडतं तिथून सुरुवात करावी. आपल्या स्टेशनला पाय चेपणारी खुर्ची मिळवून दिली. सुरुवात म्हणून वाईट नाही.

बदली माणूस आलेला नाही. स्मरणपत्र पाठवलं. भाषा नम्र पण ठाम.

२१ मे
इथला मुक्काम वाढवला. माझ्यावाचून काम अडतं.

आ-तियनला फोन केला. दादा एकटेच आत जातात, म्हणाला. कमरेला दोर बांधतात. एका हाताने मी तो धरतो, दुसऱ्या हाताने पंप बघतो. मी म्हटलं, अरे, हे नियमाविरुद्ध आहे. तो म्हणाला, हो का, मग आगीला सांगतो थांबायला, ताई पत्र लिहितेय म्हणून.

लिहिलं. यावेळी फक्त ठाम.

कॅमेरा आता सातव्या क्रमांकावर, 'इतर गरजा' मध्ये.

४ जून
देवापुढे जाळायच्या कागदांच्या गोदामाला आग. आत पहारेकरी असल्याचं कळलं. दादा दोर बांधून गेले. भिंतीला हात लावत गेले, कारण दुसरं काही दिसत नव्हतं. पहारेकरी तोवर मागच्या दाराने बाहेर पडून रस्त्यावर उभा होता. ते दादांना कळायला मार्ग नव्हता. कागदांची पेटलेली मांडणी अंगावर कोसळली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दोर ओढून ओढून आ-तियनचेही तळहात सोलले.

दोन्ही अँब्युलन्स दुसऱ्या कॉलवर. तिसरी गॅरेजमध्ये, धुऊन पुसून, ड्रायव्हरशिवाय. दादा टॅक्सीने हॉस्पिटलात गेले. टॅक्सीवाल्याने सीटवर आधी वर्तमानपत्र पसरलं.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. आमची गाडी का वापरली नाही, लोक विचारतायत. त्यांना पाठवायचा खुलासा मलाच लिहावा लागला. वाहन सज्ज स्थितीत होतं, असं लिहिलं. ते खरंच आहे.

१२ जून
दादांना भेटायला गेले. वहिनी पेरूच्या फोडी करून त्यांना भरवत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. मी दादांना म्हटलं, मी बंबावर परत येतेय, आजच अर्ज देते, यापुढे आत दोघंच जाऊ.

दादा म्हणाले, येऊ नकोस. मग वहिनींकडे बघून हळूच म्हणाले, तुझी वरच्या लोकांत ओळख झालीय. माझ्यासाठी एक अर्ज लिहिशील का? टेबलाचं काहीतरी. हा हात आता पाइप धरायचा नाही, आणि धरला तरी मला आत जायचं नाही. तुझ्या शेजारी जागा असली तरी चालेल.

मी बरं म्हटलं.

तिथेच, खाटेच्या कडेला बसून लिहिला. अर्धं पान. आलेख नाही.

१९ जून
दादांचा अर्ज मंजूर. या वर्षी मी लिहिलेल्या अर्जांपैकी जसाच्या तसा मंजूर झालेला हा एकच.