आधी भाकर, मंग गाणं

माय,

आज वाशीमच्या बाजारात सांबाराची, मुंबईवाल्यांच्या कोथिंबिरीची, जुडी निवडत होते, तर मुंबईहून फोन आला. रस्त्यावरच्या गाणाऱ्यांची मी केलेली रेकॉर्डिंगं तिथल्या एका संग्रहात ठेवायची आहेत. दवाखान्यासमोरच्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा मी पाठवला होता. तो त्यांना फार आवडला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "तुकड्याच्या शेवटी कोणीतरी मध्येच बोललंय. पूर्ण गाणं पाठवा, बोलणं आम्ही काढून टाकू."

ते कोणीतरी म्हणजे तू. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझा आगाऊपणा काही सरला नाही.

इंझोरीला आपल्या दारात कोणी गाणारा आला की तू त्याला आधी जेवायला बसवायचीस. उपाशी माणसाचं गाणं ऐकलं तर आपल्याला पाप लागते, म्हणायचीस. तोच कायदा तू मुंबईच्या फुटपाथवर चालवलास. दवाखान्यात तुझा नंबर लागायला वेळ होता, म्हणून आपण बाहेर बसलो होतो. समोर एक बाई पेटी मांडीवर घेऊन गात होती. गळा असा, की माझ्या अंगावर काटा आला. मी माईक तिच्यापुढे ठेवला, हेडफोन लावले. गाणं ऐन रंगात आलं आणि तू सरकत तिच्याजवळ गेलीस.

"बाई, जेवल्या काय तुमी? थांबा. आधी भाकर खा, मंग गा."

मी कपाळाला हात लावला. तू मेथीची भाजी आणि भाकर बांधलेलं फडकं सोडलंस. ती बाई खाते आहे, मागे हॉर्न वाजताहेत, सगळं रेकॉर्ड होतंय. खाता खाता ती विचारते, "दवाखान्यात कोण आहे तुमचं?"

"मीच आहो. मी काही आता बरी होत नाही, मले मालूम हाये. पण पोरीले वाटते ना, म्हून येऊन राह्यली."

बाई हळूच म्हणते, "सांगून बघा तिला, ऐकेल ना ती."

"नाही आयकत. कानाले ते डबडे लावले का तिले काहीच आयकू येत नाही. घरी आवाज देऊ देऊ थकतो मी."

मग ती बाई पुन्हा पहिल्यापासून गायली. तू मान डोलवत बसलीस. त्यानंतरही मी तुला मुंबईला नेत राहिले, आणि तू दर वेळी नवं लुगडं नेसून निघायचीस. वाटेत आपण भाजीच्या भावाबद्दल बोलायचो. फार एकटं वाटायचं गं मला, तू शेजारी बसलेली असताना.

फोनवरच्या बाईंना मी सांगितलं, ती फाईल खराब झाली. खोटं बोलले. तुझं बोलणं कापणं माझ्याच्यानं होणार नाही.

आणि हे तुला सांगायचं राहून गेलं. घरी मी मुद्दाम ओ द्यायचे नाही, माय. त्या डबड्यातून तर सगळं आणखीच जवळून ऐकू येतं, त्या दिवशी फुटपाथवरही आलं.