संगणकाचा माळा

२ जून, सोमवार
मोठी जबाबदारी आली. आमच्या भनपुरीच्या कारखान्यातून पुठ्ठ्याच्या पेट्या घेणारी औषध कंपनी १४ तारखेला आमचे कॉम्प्युटर तपासणार. जुनी कागदपत्रं, बंद न केलेली लॉगिनं सापडली, तर ऑर्डर बंद. मालकीण उल्काताई म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, जमते ना? नाही तर निधीले सांगते." निधी आमचे कॉम्प्युटर बघते. वय चोवीस. मी एकवीस वर्षं मॅनेजर. शिवाय दर दिवाळीत घर मीच आवरतो. जमते म्हणालो.

३ जून, सकाळी १०
रोज एक तास सफाई. आजपासूनच.

५ जून
आजपासूनच. दोन दिवस कूलर बिघडला होता.

६ जून
पहिलीच फाइल २०११ची. एका गिऱ्हाइकाचं आधार कार्ड. माणूस आता हयात नाही. पुसायला हात धजेना. तोडगा सुचला. 'माळा' नावाचं फोल्डर केलं. घरीही जे टाकवत नाही ते माळ्यावरच जातं.

९ जून
झपाटा! सगळे डेस्कटॉप आरशासारखे. माळ्यात अकरा हजार फाइली. निधी म्हणाली, "सर, हटाना था, आप तो समेट रहे हो." पोट्टी हुशार आहे, पण अजून संसार केला नाही.

१० जून
अनंतराव रिटायर होऊन तीन वर्षं झाली. लॉगिन तसंच. न विचारता बंद करणं बरं दिसत नाही, म्हणून फोन केला. म्हणाले, "काहून रे, मले परका करून राहिला का?" ठेवलं. नाही तरी आम्ही सगळे त्यांच्याच लॉगिननं काम करतो.

१२ जून, गुरुवार
स्टाफची कुरकुर, फाइली सापडत नाहीत. माळ्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. पासवर्डची भानगड ठेवली नाही. सगळ्यांच्या पासवर्डांची यादीही माळ्यातच ठेवली, हरवायला नको. काम फत्ते. दोन दिवस आधी!

१४ जून, दुपारी ४
तपासनीस आले. डेस्कटॉप बघून म्हणाले, "बहुत साफ." मी उल्काताईंकडे पाहिलं. मग तपासनीसांनी स्वतःचा फोन काढून माळा उघडून दाखवला. त्या ग्रुपमध्ये त्यांच्या कंपनीचे गोदामवालेही आहेत, हे ध्यानात नव्हतं. म्हणाले, "भैया, ये तो हमको गुरुवार से मिला हुआ है." उल्काताईंनी निधीला हाक मारली.

१६ जून
आठवड्याची मुदत मिळाली. काम निधीकडे. तिनं तासाभरात माळा रिकामा केला आणि दोन जुनी लॉगिनं बंद केली. एक अनंतरावांचं. त्यांना साधा फोनही केला नाही. दुसरं माझं. दोन वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं म्हणे.

२२ जून, रविवार
काल फेरतपासणीत पास. ऑर्डर टिकली. श्रेय कुणाला, यात मी पडत नाही. पाया माझाच.
वेळ होता, म्हणून घरचा माळा आवरायला शिडी लावली. बायको सुशीला खालून म्हणाली, "उतरा. निधीचा नंबर द्या मले."