मंडळीचं ध्येयवाक्य आणि ताईची खुर्ची

खारघर, ४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

फोनवर मी तुला बोलू देत नाही अशी तुझी तक्रार, म्हणून हे पत्र. नगरचं घर आवरून कायमचं आमच्याकडे यायचं काय ठरलं? भावोजी गेल्यापासून तू एकटी असतेस, इथे मला घास गोड लागत नाही. खारघरात माझं कोण, असं विचारतेस. अगं, आपली चर्चची मंडळी आहे की!

मंडळीत सध्या मोठं काम चाललंय. माझा मित्र कमळाकर रबाळ्याच्या कारखान्यातून रिटायर झाला. तिथे भिंतीवर ध्येयवाक्य असायचं, मग चर्चला का नको, असं त्याने पाळकसाहेबांना विचारलं. झाली कमिटी, मी चिटणीस! महिला मंडळाला वाक्यात सेवा हवी, तरुण संघाला गिटार. शेवटी ठरलं: 'आम्ही प्रत्येक अनोळखी माणसाला प्रीतीने आपलंसं करतो.' कमळाकरला 'आपुलकीने' हवं होतं, म्हणून आमचा अबोला आहे. रविवारी बॅनर लागेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा अरविंद

नगर, १२ नोव्हेंबर

चि. अरविंद यास,
अ. आ.

रविवारी तुमच्या मंडळीत येऊन गेले. तुमच्याजवळ बेलापूरला लग्न होतं, परतीची गाडी उपासनेपुरती थांबवली. म्हटलं, कायमचं यायचं तर आधी डोळ्यांनी बघावं.

पहिल्या खुर्चीवरून एका बाईंनी गोड बोलून उठवलं, त्यांची नेहमीची जागा म्हणे. दुसरीवर रुमाल होता. रुमालाचे मालक आजारी होते, पण रुमाल आला होता. भिंतीशी उभी राहिले, तर फोटोत बॅनर झाकतोय म्हणून एका गृहस्थांनी बाजूला व्हायला सांगितलं. ते तुझे कमळाकर असावेत. मग मी वळून वाक्य वाचलं. छपाई सुरेख आहे.

बॅनरवर 'आपुलकीने' छापलं म्हणून चिटणीस रुसून पाळकसाहेबांच्या खोलीत बसलेत, असं कळलं. पुढच्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती. तिच्यावर निळी पिशवी. ती चिटणीसांची जागा, तिथे बसायचं नाही, असं सगळ्यांनी बजावलं. ती पिशवी मीच शिवली होती रे!

उभ्यानेच प्रार्थना केली. गुडघे दुखले, त्याहून मन दुखलं. मी नगरलाच बरी.

तब्येतीस जप.
तुझी ताई, वैजयंती

खारघर, १८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सलाम.

कोणत्या तोंडाने लिहू? पत्र कमळाकरला दाखवलं. तो आधी हसला, मग चष्मा पुसत बसला. अबोला तिथेच संपला.

काल बॅनर उतरवला. कमिटीने दाराशी उभं राहायचं, येईल त्याला बसवायचं, उरली तर खुर्ची आपली, असं ठरलं. उभं प्रीतीने राहायचं की आपुलकीने, असं कमळाकरने विचारलं, तेव्हा पाळकसाहेबांनी डोळे वटारले. काल उपासनाभर उभा होतो. गुडघ्यांचं तू लिहिलंस ते समजलं. पण कोणी नवं माणूस आलंच नाही गं.

सोबत निळी पिशवी पाठवतोय. पुन्हा ती ठेवून जागा अडवायची माझी हिंमत नाही. राग ओसरला की कळव, मी वाट बघतोय.
तुझा अरविंद

नगर, २५ नोव्हेंबर

चि. अरविंद यास,
अ. आ.

पिशवी मिळाली. बंद उसवलाय, तो शिवून मीच घेऊन येते. सामान बरंच आहे, तेव्हा रविवारी दाराशी दोघेही उभे राहा.

तुझी ताई